कमरेवरची दोन बोटं

शस्त्र खाली ठेवणाऱ्या माणसाचा पुनर्जन्म होतो, असं शांतिसेनेचे साहेब मैदानावर म्हणाले. दुभाष्याने ते भरल्या गळ्याने सांगितलं. टोळीची नवजात मंडळी समोर रांगेत ढेकर देत उभी होती. त्यांच्या अंगावर काहीतरी बरं दिसावं, म्हणून शिंपी मास्तरांना गणवेशाचं काम मिळालं.

मास्तर टोळीचेच जुने शिंपी. नाही म्हणायची सोय कधी नव्हतीच. टोळीच्या म्होरक्याला सगळे काका म्हणत. काकांच्या पँटला उजव्या कमरेवर दोन बोटं कापड जास्त ठेवायचं, पिस्तूल बसावं म्हणून, हे मास्तरांच्या हाताला पाठ होतं. या खेपेला त्यांनी ते ठेवलं नाही. काकांनी पिस्तूल त्यांच्या डोळ्यांदेखत साहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं. मास्तरांनी घरी येऊन साध्या माणसाची पँट बेतली आणि सीमेपलीकडे मावशीकडे असलेल्या मुलीला फोन केला, "ये आता. रविवारी निघ." काकांच्या पुतण्याने मांडीवर बंदूक घेऊन तिला मागणी घातली होती. तेव्हापासून ती तिकडे होती.

शनिवारी शांतिसेनेच्या छावणीत काकांनी पँट चढवून बघितली.

"मास्तर, उजवीकडे आवळतंय."

"आता तिथं काय ठेवायचंय, काका?"

काका दात कोरायचे थांबले. "घ्या! मास्तर म्हातारे झाले." पुतण्या खिंकाळला. "अहो, आम्ही आता सुरक्षा दल. दल काय रिकाम्या हातांनी फिरतं?"

मास्तरांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब दुभाष्यामार्फत हसले. शस्त्रं जमा झाली होती आणि आता ती दलाला रीतसर वाटायची होती. दोन्ही कामं एकाच दौऱ्यात उरकली, याचं साहेबांना फार समाधान होतं.

"म्हणजे तीच पिस्तुलं?"

"तीच कशी?" दुभाषी दुखावला. "तेलपाणी केलंय की."

काकांनी दातातून निघालेलं बोटावर धरून निरखलं आणि मायेने मास्तरांच्या खांद्याला पुसलं. "पोरगी येतेय म्हणे उद्या. झकास. याचा गणवेश जरा झोकात शिवा. लग्नात घालील."

मास्तरांनी टाचण्या तोंडात धरल्या. गुडघ्यांवर बसून त्यांनी पुतण्याचं माप घेतलं. पुतण्याने पाय फाकवून, जांभई देत ते घेऊ दिलं.

घरी येताच त्यांनी फोन लावला.

"येऊ नकोस."

"अहो बाबा, शांतता झाली ना? रेडिओवर सांगतायत."

"झाली."

"मग?"

"मग काय... मावशीला जरा हातभार लाव."

बायको दारात उभी होती. खांद्यावरचा डाग बघून म्हणाली, "शर्ट काढा तो. आधी काढा."

सोमवारी मास्तरांनी मुलीची खाट भिंतीला उभी करून तिच्या खोलीत दुसरं मशीन बसवलं. शेजारच्या टोळीनेही शस्त्रं खाली ठेवली होती.