यंत्राची दृष्ट

"पाणी नळाचं घेतलंस ना? खरं सांग!"

विद्याधर सर अक्षतावर ओरडले, तेव्हा सहदेव खिडकीपाशी उभा राहून आधीच स्वच्छ असलेली काचेची नळी पुसत होता.

"नाही सर, डिस्टिल्डच होतं."

"मग स्पार्क का पडला नाही? पॉवर सप्लाय उगाच जळतो का? पाण्यात मीठ गेल्याशिवाय असं होत नाही. पाहुण्यांसमोर वाट लावलीस. सोमवारपासून हे काम तुझ्या ज्युनिअरकडे, मिथुनकडे."

मुलुंडच्या त्या कॉलेजात अक्षता पीएचडीसाठी तीन वर्षं एकाच प्रयोगामागे होती. डिस्टिल्ड पाण्यात कापडाचा निळा रंग कालवायचा, त्यात सुईसारखं टोक बुडवायचं आणि हजारो व्होल्टचे झटके द्यायचे. मग पाण्याच्या पोटातच जांभळट ठिणगी पडते आणि निळा रंग हळूहळू नाहीसा होतो. आज एका रंगाच्या कारखान्याची माणसं ते बघायला आली आणि ढिम्म निळं पाणी बघून परत गेली.

सहदेव तिथला प्रयोगशाळा सहायक, अठ्ठावीस वर्षांपासूनचा. गेले आठ दिवस यंत्र झकास चाललं होतं, ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचंच कौतुक. दृष्ट लागेल अशी सहदेवला धास्ती बसली. याआधी दोनदा ते ऐन पाहुण्यांसमोरच रुसलं होतं. म्हणून आज सकाळी त्याने घरून मीठ-मोहरी कागदात बांधून आणली. अक्षता पाणी भरून चहाला गेल्यावर त्याने मूठ यंत्राभोवती तीनदा ओवाळली. वायरींवरून हात नेताना मूठ सैल झाली आणि चिमूटभर उघड्या भांड्यात सांडलं.

वर तरंगणारे मोहरीचे दाणे त्याने चिमट्याने एकेक करून वेचले. मीठ कसं वेचणार? जिन्यावर पाहुण्यांची पावलं वाजत होती. पाणी बदलायचं तर मीठ कुठून आलं तेही सांगावं लागणार. सहदेवला लाज वाटली. चिमूटभराने काय होतंय, असं म्हणून त्याने झाकण लावलं.

घाटकोपरला घरी पोचल्यावर त्याने बायकोला, प्रेमाला, सगळं सांगितलं.

"मगे सरांका सांगलात काय?"

"नाय."

"आता ता चेडू काय करतला?"

सहदेवने ताट बाजूला सारलं. आपल्या मुलीएवढ्या पोरीला बोलणी खाताना बघितलं आणि आपण नळी पुसत राहिलो, हे त्याच्या मनातून जाईना. स्वतःची अशी किळस त्याला आजवर कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो सरांच्या केबिनमध्ये गेला. अक्षता आधीच तिथे उभी होती. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं, वेचलेल्या मोहरीसकट.

सर खो खो हसले. "मशीनची दृष्ट! कमाल आहे रे सहदेव. जाऊ दे, तुला बिचाऱ्याला काय कळणार! अक्षता, पण भांड्यावर लक्ष ठेवणं तुझं काम होतं. माझा निर्णय तोच."

सहदेवच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. माफी मिळाली होती, निघून जायला हरकत नव्हती.

"सर, मला कळतं," तो म्हणाला. "त्या सुईचं टोक मीच घासून देतो. मीठ पडलं की पाण्यातून करंट सरळ निघून जातो, ठिणगी पडत नाही, मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी गप्प बसलो. हिची काय चूक सर? अडाणी म्हणून मला सोडू नका."

सरांचं हसू मावळलं.

"मेमो मिळेल तुला," ते म्हणाले. "अक्षता, नवा पॉवर सप्लाय येईल, तूच कर. आणि यापुढे दर वेळी पाण्यातले क्षार मोजून घ्यायचे."

पंधरा दिवसांनी यंत्र पुन्हा उभं राहिलं. सहदेवने भांडं तीनदा धुऊन ठेवलं, अक्षताने पाणी भरलं. मग ती घुटमळली. अठ्ठावीस वर्षांत त्याने धुतलेलं भांडं कुणी तपासलं नव्हतं.

"काका, सरांनी सांगितलंय म्हणून..."

"हो गो," म्हणत सहदेवनेच कपाटातून क्षार मोजायचा मीटर काढून तिच्या हातात दिला. तिने तो पाण्यात बुडवला. आकडा स्थिर होईपर्यंत तो हात मागे बांधून तिच्यासमोर उभा राहिला.