एकशे बारा नंबरचा फोटो

ओळखपत्रावरचा फोटो चांगला येत नाही, यात माझा काही दोष नाही. दोनशे कामगार रांगेत उभे, प्रत्येकाला जेमतेम अर्धा मिनिट, आणि त्यातही "जरा हसू का?" अशी चौकशी. त्या दिवशी कारखान्यात सत्त्याण्णव नंबरच्या पठ्ठ्याने नेमके डोळे मिटले. मी त्याचा फोटो पुन्हा काढला आणि तिथून पुढे कॉम्प्युटरवरचे सगळे नंबर यादीपेक्षा एकाने वाढले. ओळखपत्रं छापताना मी ते जुळवून घेतलं. फाइलींचे नंबर मात्र बदलायचे राहून गेले. आळस, दुसरं काय!

मंगळवारी दुपारी त्याच कारखान्यातल्या एका कामगाराने पॅकिंग खात्यात बंदूक चालवली. नऊ माणसं मारली आणि शेवटी स्वतःलाही गोळी घातली. तासाभरात एक चॅनेलवाला माझ्या स्टुडिओत हजर.

"काका, ओळखपत्रांचे फोटो तुम्हीच काढलेत ना? त्या खुन्याचा नंबर एकशे बारा. पटकन द्या, बाकीचे पोचायच्या आत."

मी एकशे बारा नंबरची फाइल काढून दिली. दोनशे चेहरे कोणाच्या लक्षात राहतात? आणि खोटं कशाला बोलू, फोटोखाली माझ्या स्टुडिओचं नाव येणार म्हणून मनातून सुखावलोही होतो.

पडद्यावर झळकला तो चेहरा यादीतल्या एकशे अकरा नंबरचा होता. कारखान्यात त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण नव्या माणसाला मशीन शिकवायचं काम त्याचं. मेलेल्या नऊ जणांपैकी तो एक.

संध्याकाळी त्याची बायको आली, सोबत तिचा भाऊ. ती शिव्या देईल, सामान फोडेल, असं मला वाटलं. ती फोटोच्या स्टुलावर ताठ बसली.

"दादा, यांचा फोटो तुम्ही दिलात?"

मी यादी काढली, फाइली पाहिल्या. एकाचा फरक तसाच होता.

"माझी चूक झाली, वहिनी."

"मला सांगून काय होणार? टीव्हीवाल्यांना सांगा. शेजारीण म्हणते, काहीतरी असेल म्हणूनच दाखवतात. वीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहतोय आम्ही."

"उद्या सकाळी आठला दाजींना न्यायचंय," भाऊ म्हणाला. "खांद्याला कोण येणार, तुम्हीच सांगा."

मी तिच्यासमोरच चॅनेलवाल्याला फोन लावला. दुपारपासून उभा असणार बिचारा, आवाज पार बसला होता.

"अरे बापरे! सॉरी, काका. खरा पाठवा, लगेच बदलतो."

"खरा कशाला? नुसता हा काढा."

"मग काय मोकळी चौकट दाखवू?"

"त्या खुन्याचं तोंड कशाला मिरवता? त्याला तेच हवं असेल. मेलेल्या नऊ जणांचे फोटो देतो, ते दाखवा."

"नऊ चेहरे कोण बघणार, काका? लोक विचारतात, तो कसा दिसायचा."

मी आणखी बोलणार होतो. अंगात एकदम शहाणपण संचारलं होतं माझ्या.

"तुमची तत्त्वं राहू द्या, दादा," ती म्हणाली. "दुपारी सुचली असती तर बरं झालं असतं. द्या त्याला."

मी एकशे तेरा नंबरची फाइल पाठवून दिली.

दहा मिनिटांत दुरुस्ती झाली. पडद्यावर दोघं शेजारी शेजारी. खुन्याभोवती लाल गोल, मास्तरांवर लाल फुली. बातमी देणारी बाई सगळं नीट सांगत होती, पण दुकानादुकानांत टीव्हीचा आवाज बंदच असतो. लोकांनी पाहिलं ते एवढंच की माणसं दोन आणि दोघांवरही लाल खूण. रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत रस्त्यावर बोललं जाऊ लागलं की मारणारे दोघं होते. मी सहा वेळा फोन केला. "वर कळवलंय," एवढंच उत्तर आलं. भेटेल त्याला सांगत सुटलो, तर लोक माझ्याकडेच संशयाने बघायला लागले. एका बोटाने मी जे करून बसलो होतो, ते आता दोन्ही हातांनी निस्तरत नव्हतं.

सकाळी आठला मी मास्तरांच्या दारात पोचलो. पलीकडच्या गल्लीत पॅकिंगमधल्या दुसऱ्या एका कामगाराला नेत होते, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. इथे तिचा भाऊ, कारखान्याचा म्हातारा पहारेकरी आणि मी. शेजारणीच्या खिडकीचा पडदा हलला आणि पुन्हा सरळ झाला.

आणि हो, चॅनेलवालाही होता. कॅमेरा, माइक, सगळा जामानिमा घेऊन. वहिनींपुढे माइक धरून तो म्हणाला, "सत्य समोर आल्यावर आता तुम्हाला काय वाटतंय?"

तिने एकदा आम्हा तिघांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"एक खांदा कमी पडतोय. ते खाली ठेवा आणि या."

तो खरंच एक पाऊल पुढे आला. मला वाटलं, येतोय. मग त्याच्या कानात कोणीतरी काहीतरी बोललं असावं. तो जागच्या जागी थांबला.

"ताई, लाइव्ह आहे," तो अगदी हळू म्हणाला.

चौथ्या बाजूला ती स्वतः गेली. ती आमच्यापेक्षा बरीच बुटकी, त्यामुळे आम्ही तिघंही सगळा रस्ता वाकून चाललो.