लालमियाँच्या चपला

भट्टी फुटून लालमियाँ जळून गेले; पण त्या दिवशी ते कामावर आलेच नव्हते, असं कारखान्याचा मालक खुशाल खोटं सांगत होता. त्यांचा भट्टीवरचा जोडीदार मुझफ्फर झोपेविना झुरत होता. त्याला सगळं विसरायला लावायचं म्हणून मालकानेच समुपदेशक अंतराला पगार देऊन मस्तगडला त्याच्या खोलीवर पाठवलं.

तिने त्याला डोळे मिटायला सांगितलं. खोलीतली दुपार हळूहळू केशरी झाली, भिंती पाण्यासारख्या हलू लागल्या.

“चाचा दिसून राह्यले,” मुझफ्फर पुटपुटला. “भट्टीतून चालत आले. बिलकुल जळले न्हाईत, फक्त अनवाणी हायेत. म्हणतात, बेटा, चपला दे, घरी जायचंय.”

“मग द्या ना.”

त्याने डोळे उघडले आणि खाटेखालून पिशवी ओढली. कामाचे बूट चढवताना लालमियाँनी त्या दिवशी गेटवर काढलेल्या चपला त्याने लपवून आणल्या होत्या.

“आले नव्हते म्हणे! मंग ह्या कुणाच्या? पण भ्या वाटतं, म्याडम. नोकरी जाईल.”

“माझीही जाईल. साली जाऊ दे,” अंतरा उठली. “चला, मुझफ्फरभाई, पोलीस ठाण्यात.”

चपलांची पिशवी घेऊन केशरी उजेडात दोघं निघाले. मुझफ्फरला वाटलं, कुणीतरी अनवाणी सोबत चालतंय. आता ते काहीच मागत नव्हतं.