तोटी उघडू नका

मी फवारणीच्या औषधाची कॅन बोलतेय. नीट ऐका. मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून तर हे सगळं झालं.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. निळं जाड प्लास्टिक, दोन्ही हातांनी उचलावं लागेल एवढं अंग. पोटावर लाल खूण आणि कवटी. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं, की रिकामी झाल्यावर हिला भोकं पाडा, दुसऱ्या कशाला वापरू नका. ते अख्ख्या गावात एकाच माणसानं वाचलं. जयमालानं.

जयमाला ही नारायणरावांची मुलगी. उंद्रीजवळ त्यांचं गाव. बीटी कपाशीचं बियाणं देताना दुकानदार म्हणाला होता, आता अळीची चिंताच सोडा. काही हंगाम बरे गेले. मग बोंड फोडलं की आत गुलाबी अळी दिसायला लागली. तेव्हा तीन-चार घरांनी मिळून मला विकत आणलं.

एक गोष्ट मला तेव्हापासून खुपते. या मुलखात मला कुणी विष म्हणत नाही. औषध म्हणतात. "औषध मारलं का?" "कोनतं औषध आनलं?" लेकराच्या तापावर औषध आणि माझ्या पोटात तेही औषध.

जयमालाचं कॉलेज बारावीतच सुटलं. मग पाठीवर पंप आला. तोंडाला ओढणी, पाय अनवाणी. एक दिवस ती कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात उलट्या करत आडवी पडली. डोळ्यांतून नुसत्या धारा. नारायणराव तिला उचलून नेताना म्हणाले, "उपाशीपोटी फवारू नको म्हनलं होतं ना तुले!" म्हणजे चूक तिच्या रिकाम्या पोटाची. माझी नाही, आणि त्यांची तर नाहीच नाही.

नारायणराव गावच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील. चर्चचा कारभार बघणाऱ्यांना तिथं वडीलच म्हणतात. घरात वडील, चर्चमध्येही वडील. अशा माणसाला अडवणार कोण?

मी रिकामी होऊन गोठ्यात पडले होते. कापणीचा सण जवळ आला तेव्हा पाळकसाहेबांनी उपदेश केला, की ही जमीन, हे पाणी देवाचं आहे, आपण नुसते कारभारी. काही फेकू नका, टाकलेल्या वस्तूला कामाला लावा आणि सणाला घेऊन या. उपदेशात खोट नव्हती. कशाला पुन्हा कामाला लावायचं नाही, एवढंच सांगायचं राहिलं.

नारायणरावांनी मला राखेनं, सोड्यानं घासलं. कवटी खरवडली. पांढरा रंग दिला, वर निळा क्रूस काढला, खाली स्टीलची तोटी बसवली. शेजारच्या तानाबाई कुंपणावरून बघत होत्या.

"भाऊ, कायची व्हय हे कॅन?"

"औषधाची."

"मंग तं चांगलीच असन."

नारायणराव हसले. मी ओरडले असते, पण मला तोंड नाही, नुसतं झाकण आहे. त्यांनी धुतलं ते वरचं अंग. माझ्या प्लास्टिकनं आत जे पिऊन घेतलं होतं, ते तसंच होतं.

सणाच्या दिवशी वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, पहिल्या वेचणीचा कापूस आणि पाय बांधलेली एक कोंबडी. बाजूला टेबलावर मी, गळ्यात झेंडूची माळ. माझ्यात लिंबाचं शरबत ओतलं होतं. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. टाळ्या पडल्या. संडे स्कूलची लेकरं ग्लास घेऊन रांगेत उभी राहिली. पुढे तानाबाईची नात.

तोटीला तिचा हात लागणार, एवढ्यात जयमाला बाकांमधून धावत आली आणि तिनं तोटी मुठीत धरली.

"बाबा, हे आपली फवारणीची कॅन हाये ना?"

"सात पान्यानं धुतली मी तिले. बाजूले हो."

"धुऊन जहर जाते काय?"

"जहर काऊन म्हनतं वं? औषध होतं!"

"तेच औषध घेऊन मी तासात पडली होती."

मागून एक म्हातारे वडील खेकसले, "पोरीले शिस्त नाही. बारावी पास होता आलं नाही आन् मंडळीले शिकवून राह्यली!"

नारायणरावांची मान ताठ झाली. त्यांनी तिचा हात झटकला आणि स्वतःच ग्लास भरला. "मी पिऊन दाखवतो. मंग तं झालं?"

"प्या," जयमाला म्हणाली. ती मागं सरली नाही. "तुमच्या मागून पाळकसाहेब पितीन. मंग सारे वडील. लेकरं सगळ्यात शेवटी."

वेदीपुढे बांधलेली कोंबडी फडफडली. नारायणरावांनी ग्लास तोंडाशी नेला. मी देवाला ओळखत नाही, पण त्या घडीला मी त्याला हाक मारली. लिंबाच्या आडून माझा वास त्यांच्या नाकात शिरला असावा. त्यांनी मुलीकडे पाहिलं. हात थांबला.

त्या खेकसणाऱ्यासकट वडिलांपैकी एकही पुढे आला नाही.

"ठेवा तो ग्लास, नारायणराव," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "माझं चुकलं. मी विचारायला पाहिजे होतं."

"ठिवतो. पन ओतू कुठं?"

सगळे दाराबाहेर बघायला लागले. बांधावर तानाबाईची शेळी चरत होती. उताराला नाला, नाल्यापलीकडे विहीर. एवढी देवाची जमीन, आणि एक ग्लास रिता करायला जागा नाही. शेवटी त्यांनी ते शरबत परत माझ्यातच ओतलं आणि जयमालानं तोटी तारेनं आवळून बांधली.

आता मी चर्चच्या मागच्या खोलीत आहे. पोट भरलेलं, वर लिंबाच्या फोडी सडतायत. दुकानदार म्हणतो, विकलेला माल परत घेत नाही. पाळकसाहेब कचेऱ्यांत विचारत फिरतायत. काल दोन वडील आले आणि म्हणाले, "अंधार पडला की नाल्यात ओतून देऊ, कोन पाह्यते?" नारायणराव दारात बसले होते. बसूनच राहिले. त्यांना ओलांडून आत यायची दोघांची छाती झाली नाही. जयमाला अजून त्यांच्याशी बोलत नाही. पण दुपारची भाकर ती तिथंच आणून देते.

माझं तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे. मला नवा रंग देऊ नका. जाळू नका, पुरू नका. ज्यांनी मला बनवलं, ज्यांनी विकलं, त्यांच्या दारात नेऊन उभी करा आणि ते हिशोब देत नाहीत तोवर तिथून हलू नका. तुम्ही स्वतःला देवाच्या जमिनीचे कारभारी म्हणवता. मग करा कारभार.