काजळीखालचं नाक

वाचनालयाच्या दारावर चुनखडीच्या दगडातला बाईचा चेहरा होता. कुणी थोर बाई असेल, असं लोक म्हणत. तो कोरणारा म्हातारा पाथरवट नुसती मान डोलवी. चेहरा त्याच्या बायकोचा होता, हे घरच्यांनाच ठाऊक. नाकावर माशी बसू न देणारी बाई! ती गेली, आणि तिच्या दगडी नाकावर रस्त्याच्या धुराची काळी खपली बसली.

"डोळे पार जायच्या आत एकदा तिला स्वच्छ बघू दे," त्याने लेकीला गळ घातली. जुन्या दगडांची डागडुजी हेच लेकीचं काम.

दोघं परांचीवर चढली. म्हाताऱ्याने तारेचा ब्रश काढला.

"बाबा, तो आधी खिशात घाला."

"अगं, काजळीच ना? भांडं घासतात तशी घासायची."

"नुसती वर बसली असती तर घासली असती. धुरातल्या आम्लाने वरचा दगडच बदललाय. चुनखडीचं जिप्सम झालं, काजळी त्यात अडकली. ही खपली म्हणजे आईची कातडीच आहे."

"दगड मला शिकवतेस?" म्हातारा फुरंगटला.

"बरं, कानापाशी बघू करून."

तिने कानावर कागदाचा ओला लगदा थापला. काही वेळाने उचलला, तशी खपली सुटली. तिच्यामागून कानातलं फूल पिठासारखं ओघळलं. म्हाताऱ्याने ती पूड तळहातावर झेलली.

"पण हा गाल पांढरा आहे की," तो म्हणाला.

"तिथून पावसाचं पाणी वाहतं. जिप्सम विरघळून गेलं, खळीही गेली. काळं आहे तेवढंच उरलंय, बाबा."

त्याने अंगठा हळूच फिरवला. कपाळ, भुवई, मग नाक. शेंडा तसाच वर होता. त्याला हसू आलं.

"तोरा बघ! एवढा धूर अंगावर घेतला, पण नाक खाली नाही केलं."

"मग? पुसू की राहू दे?"

"राहू दे. धरून ठेवता येईल का तिला?"

"येईल. सुईने चुन्याचं पाणी पाजते थेंब थेंब. वर पत्रा लावू, पाऊस नको लागायला."

लेकीने सुई भरली. म्हाताऱ्याने दगडी हनुवटीखाली ओंजळ धरली.

"पाज. जिवंतपणी कधी औषध घेतलं नाही बयेनं. आता तोंड फिरवता यायचं नाही तिला."