न तुटलेली रेघ

रेघ तुटलेली नव्हती. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, रंग लाल. अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी मोटरच्या जोडावर, कपलिंगवर. तिने चष्मा कपाळावर चढवला, रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या होडीचं उघडं पोट डोळ्यांजवळ नेलं आणि पुन्हा पाहिलं. दोन्ही अर्धुकं केसभरही सरकली नव्हती.

"हादऱ्यांनी स्क्रू सैल झाला असेल, वहिनी," कप्तान म्हणाला. हा तळ्यावरचा कप्तान, धंद्याने शिंपी. समुद्र त्याने कॅलेंडरवरच पाहिलेला. मघाशी दोरीला बांधलेला टेनिसचा चेंडू फेकून त्यानेच बुडती होडी काठाला ओढली होती. "काय दादा, सगळ्यांचे शाफ्ट वाचवणाऱ्याचाच शाफ्ट तळ्यात! माशांची सोय झाली म्हणा. ऐन उन्हाळ्यात पंखा!"

बाकावर रिमोट मांडीवर घेऊन बसलेला तिचा नवरा हसला. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. तळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला त्याने हा पाठ दिला होता: मोटरपासून पंख्यापर्यंतचा दांडा, म्हणजे शाफ्ट, एकाच स्क्रूने धरलेला असतो. होडी उलट्या दिशेने चालवली की पंखा त्याला मागे ओढतो. स्क्रू सैल असला तर शाफ्ट पंख्यासकट नळीतून निसटतो, आणि त्याच नळीने पाणी आत शिरतं. म्हणून शाफ्टवर आतून एक पितळी कडं त्याच्या वेगळ्या स्क्रूने आवळायचं. स्क्रूने दगा दिला तरी कडं नळीच्या तोंडाशी अडतं. सगळं आवळून झाल्यावर नेलपॉलिशची रेघ मारायची. स्क्रू फिरला की रेघ तुटते.

रेघ तुटली नव्हती. म्हणजे स्क्रू सैल झालाच नव्हता. तो आवळलेलाच नव्हता. कड्याचीही तीच गत. ते होडीच्या तळाशी सुटं पडलं होतं, अंगावर सुरेख लाल रेघ मिरवत.

शाळेच्या प्रयोगशाळेत तिची तीस वर्षं गेली होती. समोर दिसतं त्याला फाटे फोडायची तिला सवय नव्हती. शिवाय तो आवळायचं विसरतो हे तिला आठ महिन्यांपासून ठाऊक होतं. दर शनिवारी दुपारी तो रेघा मारायचा, आणि त्याला डुलकी लागली की ती दोन्ही स्क्रू आवळायची, त्याच्या रेघा पुसून आपल्या मारायची. काल ते राहिलं. काल दुपारी रेघा मारून तो कामाला जातो म्हणून निघाला आणि तीन तासांनी सापडला, बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकाशी, हातात रिकामा डबा, एका पायात घरातली चप्पल. आज सकाळी तिने होडीत डोकावून रेघा पाहिल्या आणि आपल्याच समजून झाकण लावलं.

कप्तान दोरीला लोहचुंबक बांधून शाफ्टसाठी तळ्याचा तळ ढवळायला गेला.

"रेघ काय म्हणते?" नवऱ्याने विचारलं.

तुटलीय, एवढं म्हटलं की भागलं असतं.

"शाबूत आहे," ती म्हणाली.

त्याने रिमोट बाजूला ठेवून आपल्या हातांकडे पाहिलं. "मग मी आवळलाच नव्हता."

"नाही."

"आणि इतके दिवस?"

त्याने तिचा हात उलटा केला. स्क्रू आवळायच्या एलन-कीने अंगठ्याच्या मुळाशी पडलेला घट्टा त्याने चाचपून पाहिला. लेथवाल्याच्या बोटाला खोटं सांगता येत नाही.

"अगं, सांगायचंस तरी. फुकट दोघांची मजुरी."

"तुम्ही रागावला असता."

"असतो ना. आणि मग विसरलो असतो." तो स्वतःच हसला. तिलाही हसू येईल म्हणून त्याने वाट पाहिली.

तिच्या पर्समध्ये दीड महिन्यापासून एक कागद घडी घालून पडला होता. विसर पडणाऱ्या माणसांच्या निवासातली एक खोली. खिडकी पूर्वेला, कडी बाहेरून. उद्यापर्यंतच राखून ठेवलेली. लेकीने तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा ती "बघते" म्हणाली होती.

"नाही लागत हो हाताला!" कप्तान पलीकडून ओरडला.

"काय नाही लागत?" नवऱ्याने तिला विचारलं. मग होडीकडे पाहून, अगदी मास्तरी आवाजात म्हणाला, "कडं चढवलंयस ना? एका स्क्रूच्या भरवशावर..."

"...राहू नये," तिने पुरं केलं.

तिने होडीतलं पाणी रुमालाने टिपलं, कोरडी झाली तरी टिपत राहिली. मग झाकण लावलं.

"अहो," ती म्हणाली, "मला एकटीला आता नाही जमत. उद्या मी तुम्हाला एका निवासात राहायला नेतेय."