घरचा पाहुणा

अठरा… निळ्या टेकडीच्या पायाशी छापलेला तो आकडा त्याने पेन्सिलीच्या टोकाने दाबून पाहिला, जणू दाबल्यावर त्याचा सतरा होणार होता. झाला नाही. कागदावर एक टिंब तेवढं उमटलं.

आलेखातल्या बाकी बावीस टेकड्या मात्र त्याच्या स्वतःच्या; या एकीवर त्याचा आकडा सतरा. वाय गुणसूत्रावरच्या तेवीस खुणा, बापाकडून मुलाकडे जशाच्या तशा उतरणाऱ्या. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक पुरुषाच्या त्या इथे नोंदवून ठेवलेल्या असतात, कारण नमुना हाताळणाराच कधी त्यात शिंकतो, आणि पोलीस ज्याच्या मागे धावतात तो टेबलापलीकडे चहा पीत बसलेला निघतो. अशा प्रकाराला इथे ‘घरचा पाहुणा’ म्हणतात.

नमुना पर्सच्या पट्ट्यावरचा. गेल्या गुरुवारी कुणीतरी एका म्हाताऱ्या बाईची पर्स हिसकावली, बाई फरशीवर डोक्यावर आपटली, अजून शुद्धीवर नाही. पट्टा तिच्या रक्ताने भिजलेला, त्यात पुरुषाचा अंश चिमूटभर. बाईच्या अंगात वाय नसतो, म्हणून फक्त त्याच्याच खुणा चाळून काढायच्या — चाळल्या, आणि चाळणीत आपणच.

“काय हो, घरचा पाहुणा ना?” सकाळी मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या होत्या. “मास्क नाकाला लावायचा असतो, हनुवटीला नाही! पाचपर्यंत लिहून द्या तसं. नमुना बाद करू.”

तेव्हा त्याला कधी नव्हे इतकी लाज वाटली होती. आता ती लाज परत मिळाली तर तो पेढे वाटेल. हे देवा, मीच शिंकलेला असू दे… पण मी शिंकलो तर सतराच शिंकणार, अठरा कुठून आणू? बापाची नक्कल मुलात उतरताना क्वचित एखादी खूण एका घराने सरकते, सतराची अठरा होते, हे नव्या मुलींना तोच तर शिकवतो. मॅडमनी बावीस बघितल्या, तेविसावी अजून बघितली नाही.

घराण्यात पुरुष तीन. नाना, म्हणजे वडील, वय ब्याऐंशी, गुडघे असे की पर्स हिसकावून पळायचं तर आधी खुर्चीतून कुणीतरी उठवायला हवं. दुसरा तो स्वतः. तिसरा गुरुवारी तळहाताला पट्टी बांधून घरी आला होता. “दारात सापडला हो बाबा, मित्राकडे, ते लोखंडी दार नाही का, वाऱ्याने आपटलं, त्याच्या आईने हळद लावली” — एका दमात, कुठेही न अडखळता. आणि खरं बोलताना हा पोरगा नेहमी अडखळतो. बापासारखाच.

नाही… चौथाही आहे की! पणजोबा. नानांच्या गोष्टीतले पणजोबा, गावोगाव घड्याळं दुरुस्त करत हिंडणारे. ज्या घरात त्यांनी बंद घड्याळ सुरू केलं त्या घरात वर्षभरात पाळणाही हलायला लागला, अशी सात गावं. “आपलं नाक बाजारात कुणाच्याही तोंडावर सापडेल,” नाना सांगायचे, आणि याच गोष्टीसाठी त्याने विसाव्या वर्षी नानांना पाहुण्यांदेखत थापाड्या म्हटलं होतं. आता ती सात गावं खरी असली, तर तिथल्या कुठल्याही खापरपणतवाच्या अंगात याच टेकड्या असतील, एखादी सरकलेली. एक तरी पाळणा हललेला असू दे, नाना.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच त्याने फोन लावला.

“नाना, ते… ते पणजोबांचं… सात गावांचं… खरं होतं का हो?”

पलीकडे खुर्ची आनंदाने करकरली. “सात? अरे, सात कोण म्हणालं? नऊ! आणि एक तर बेटावर!”

त्याने डोळे मिटले. गोष्टसुद्धा एकेक घर सरकत जाते.

“पण तुला आज कुठून आठवण?” नानांचा आवाज उतरला. “पोरगं बरं आहे ना?”

“मजेत आहे हो. त्यालाच लिहायचंय, कॉलेजच्या अंकात, घराण्याचा इतिहास. मास्तर म्हणाले आजोबांना विचार, तर हा लाजतोय, मलाच विचारायला लावलं.”

फोन ठेवला. मग ते त्याच्या ध्यानात आलं, मानेवर गार बोट टेकल्यासारखं. कॉलेजचा अंक? कुठले मास्तर? आणि कुठेही न अडखळता… तो आवाज नानांचा होता, गुरुवारच्या पोराचा होता, लोखंडी दारासकट. म्हणजे तेवीस खुणांत न बसणारंही काही उतरतं — आणि सफाईने बोललेलं म्हणजे खोटंच, हे मी कशावरून धरलं? हळदीचा डाग पट्टीवर होता का? होता… मला दिसला होता का, की मी आत्ता लावला?

पेन्सिलीचं टोक अठरावर. घड्याळात पाचला दहा कमी.

“काय मग?” मॅडम दारात उभ्या होत्या. “पाहुणा घरचाच ना?”

त्याने तोंड उघडलं. पहिला शब्द अडखळतो की नाही, हे ऐकायला तो स्वतःच कान देऊन बसला.